रोल लॅबला द्यायचा की घरी धुवायचा?

कॅमेऱ्यातला फिल्मचा रोल संपला की पहिला हिशोब होतो तो पैशांचा. लॅब एका रोलचे किती घेते, रसायनांची बाटली कितीला पडते, किती रोलनंतर घरचं परवडायला लागतं. हा हिशोब करायलाच हवा, पण नंतर. आधी हातातल्या डबीवर काय छापलंय ते बघायचं: सी-४१ आहे की कृष्णधवल? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सी-४१ ही रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया. कोडॅकने ती १९७२ साली आणली आणि पुढे सगळ्यांनी तीच धरली. १०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते) रोल असो की ८००चा, कोडॅकचा असो की फुजीचा, डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, ३ मिनिटं १५ सेकंद आणि तापमान ३७.८ अंश सेल्सिअस. त्या तापमानात पाव अंशसुद्धा इकडेतिकडे होऊ नये अशी अपेक्षा असते. इथे धुणाऱ्याच्या आवडीनिवडीला जागाच नाही. जो जास्त काटेकोर, त्याचं काम जास्त चांगलं. आणि काटेकोरपणात, रोज रोल पडणारं आणि नीट सांभाळलेलं यंत्र माणसाला हरवतंच.

कृष्णधवलचं अगदी उलटं आहे. इलफर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मला डी-७६ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, कोडॅकच्या ट्राय-एक्सला पावणेसात. तोच डेव्हलपर १+१ केला, म्हणजे त्यात तितकंच पाणी घातलं, की या वेळा ११ मिनिटं आणि पावणेदहा मिनिटं होतात. रोडिनल हा दुसरा डेव्हलपर घेतला की दाणा (चित्रातले बारीक कण) ठसठशीत येतो आणि कडा धारदार होतात. भर उन्हात काढलेला रोल थोडा कमी धुवावा, ढगाळ दिवसाचा थोडा जास्त. लॅबने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हे कसं सांभाळायचं? तिथे सहसा एकच डेव्हलपर असतो, एक ठरलेला तक्ता असतो आणि कृष्णधवलचा वार ठरलेला असतो. त्यातून सरासरी निकाल मिळतो. वाईट नसतो, पण तुमच्या रोलचा नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कृष्णधवल घरी धुवावं, रंगीत चांगल्या लॅबला द्यावं. चांगली लॅब जवळपास नसेल किंवा महिन्याला आठ-दहा रंगीत रोल होत असतील, तरच रंगीत घरी करण्यात अर्थ आहे. एक रोल मात्र नवख्याला फसवतो: इलफर्डचा एक्सपी२ सुपर. चित्र कृष्णधवल, पण प्रक्रिया सी-४१. तो लॅबलाच जातो.

लॅबमध्ये काय विचारायचं

दर विचारण्याआधी विचारा, की आठवड्याला सी-४१चे किती रोल पडतात. यंत्राच्या टाकीत डेव्हलपर कायम भरलेला असतो. प्रत्येक रोलमागे ठरलेला ताजा डेव्हलपर त्यात आपोआप जातो आणि तेवढा जुना बाहेर पडतो. रोल पडत राहिले तर टाकी ताजी राहते. रोल कमी झाले की आतला डेव्हलपर हवेने मरत जातो, आणि मग निगेटिव्ह फिकी येते, रंग मळकट होतात. त्यामुळे झगमगीत दुकानापेक्षा गर्दी असलेली जुनी लॅब बरी. दुसरा प्रश्न कंट्रोल स्ट्रिपचा. ही कारखान्यातूनच ठरावीक उजेड देऊन आलेली फिल्मची पट्टी असते. ती यंत्रातून काढून तिची घनता मोजली की रसायनं ताळ्यावर आहेत की नाहीत ते कळतं. हा शब्द जिथे कुणाला माहीतच नाही, तिथे लग्नाचा रोल टाकू नये.

निगेटिव्ह परत मिळणार का, हेही आधीच बोलून घ्यायचं. स्कॅन पाठवून निगेटिव्ह ठेवून घेणाऱ्या किंवा फेकून देणाऱ्या जागा आहेत. स्कॅन म्हणजे त्या निगेटिव्हचा एका माणसाने एका दिवशी लावलेला अर्थ. खरी वस्तू निगेटिव्ह. ३५ मिमीच्या पट्ट्या सहा-सहा फ्रेमच्या कापून घ्याव्यात, नाहीतर फिल्म अखंड गुंडाळून मागावी. चार-चारच्या पट्ट्या नेहमीच्या प्लास्टिकच्या पानांत नीट बसत नाहीत.

स्कॅनसाठी लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी फुजीचं फ्रंटियर किंवा नोरित्सू हे स्कॅनर असतं. ३००० बाय २००० पिक्सेलचा साधा स्कॅन मोबाइलला आणि पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पुरतो. भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट हवा असेल तर तेव्हाच मोठा स्कॅन मागा आणि सांगा, की शार्पनिंग बंद ठेवा, कॉन्ट्रास्ट कमी ठेवा. स्कॅनमध्ये कापल्या गेलेल्या सावल्यांतला तपशील नंतर परत येत नाही. ‘फक्त डेव्हलप’ हा पर्याय बऱ्याच लॅब देतात, पण तो बोर्डावर नसतो, विचारावा लागतो. निगेटिव्हचे फोटो घरीच काढायला मॅक्रो लेन्स आणि चांगला एलईडी लाइट बॉक्स असेल तर रंगीतसाठी हाच मधला मार्ग सगळ्यात चांगला.

४००चा रोल ८००वर काढला असेल तर डबीवरच मार्करने ‘+१’ लिहायचं आणि तोंडीही सांगायचं. सी-४१मध्ये एक स्टॉप पुश, म्हणजे निम्म्या उजेडात काढलेला रोल जास्त वेळ धुणं: डेव्हलपरमध्ये ३ मिनिटं ४५ सेकंद. फिल्म रोलरवरून ओढणाऱ्या यंत्राचा वेग सगळीकडे बदलता येतो असं नाही, म्हणून तुम्ही हे करता का, हे फोटो काढायच्या आधी विचारलेलं बरं.

घरची तयारी

१९१३च्या आधी दादरच्या घरात दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटाची फिल्म धुतली जात होती. फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, डेव्हलप करणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करायच्या. शेकडो फूट फिल्म घरात धुतली गेली, तर ३६ फ्रेमची दीड मीटरभर पट्टी बाथरूममध्ये सहज होते. स्वतंत्र डार्करूम लागत नाही. अंधार लागतो तो फक्त फिल्म रिळावर चढवेपर्यंत, आणि त्याला चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायला बाह्या असलेली अंधारबंद पिशवी, पुरते.

सामान थोडं आहे. झाकणातून रसायन ओतता येणारा टँक आणि त्याची रिळं, चेंजिंग बॅग, अर्धा अंश दाखवणारा थर्मामीटर, ६०० मिलिचं मेजरिंग सिलिंडर, १० मिलिची सिरिंज, तीन तपकिरी बाटल्या, दोन क्लिपा, कात्री आणि सोड्याच्या बाटलीचा ओपनर. मुंबईत टँक आणि रिळं शोधायची तर फोर्टातला बोरा बाजार, काचेचं सामान आणि सुटी रसायनं हवीत तर प्रिन्सेस स्ट्रीट. इतर शहरांत कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणारे दुकानदार गाठावेत.

पॅटरसनच्या टँकला ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिलि आणि १२०च्या (जास्त रुंद फिल्मच्या) रोलला ५०० मिलि लागतं. आकडे तळाशी कोरलेले असतात. त्यापेक्षा कमी घालून बचत करू नका, वरचा काठ अर्धवट धुतला जातो. मधली काळी नळी बसवल्याशिवाय टँक अंधारबंद होत नाही. रीळ घातलं, झाकण लावलं आणि नळी बॅगेतच राहिली, असं झालं तर सगळा रोल काळा.

फिल्म चढवायचा सराव एका वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत. ओपनरने डबीचं झाकण उचकटायचं, पुढची जीभ दोन छिद्रांच्या मधोमध सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे. अर्धं कापलेलं छिद्र किंवा टोकदार कोपरा रिळाच्या खाचेत अडकतो. मग रिळाच्या दोन बाजू पुढेमागे फिरवत फिल्म आत घ्यायची. प्लास्टिकचं रीळ ठणठणीत कोरडं पाहिजे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत नुसतं पुसून भागत नाही, हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा द्यावी लागते. बॅगेत पाच मिनिटं झटापट झाली की हाताला घाम येतो, फिल्म ओलावा धरते आणि जास्तच चिकटते. अशा वेळी जोर लावायचा नाही. फिल्म तशीच टँकमध्ये टाकायची, झाकण लावायचं, हात बाहेर काढून पुसायचे, दहा मिनिटं थांबायचं. जोराने वाकलेल्या फिल्मवर नखाच्या आकाराचे अर्धचंद्र उमटतात आणि ते कशानेही जात नाहीत.

डेव्हलपर

डी-७६ हा कोडॅकचा शंभर वर्षांपासूनचा डेव्हलपर, इलफर्डचा आयडी-११ त्याचाच भाऊ. तयार पुडी मिळाली तर उत्तम, पण ती पूर्ण एकदम विरघळवायची. अर्धी पुडी आज, अर्धी पुढच्या महिन्यात असं करू नये, कारण पुडीतल्या भुकट्या सारख्या मिसळलेल्या नसतात. पुडी मिळाली नाही तर घरीच बनतो. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम.

५० अंशांचं ७५० मिलि डिस्टिल्ड पाणी घ्यायचं. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल. ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि थंड पाण्याने एक लिटर. हा क्रम मोडायचा नाही. सगळं सल्फाइट आधी घातलं की मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही. चिमूट आधी घालायची ती मेटॉल हवेने तपकिरी पडू नये म्हणून. दुकानात नाव तीन वेळा वाचा: सल्फाइट. सल्फेट घेतलं तर डेव्हलपर चालणार नाही, सल्फाइड घेतलं तर सडक्या अंड्यांचा वास सुटेल आणि फिल्मही जाईल. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा वापरा. मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि चट्टे येतात, म्हणून हातमोजे घाला. तयार द्रावण एक दिवस मुरू द्या.

काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत डी-७६ सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोनच. महिन्याला एखादाच रोल होत असेल तर हा डेव्हलपर तुमचा नाही. तेव्हा रोडिनल किंवा एचसी-११० घ्या. रोडिनल १८९१पासून विकलं जातंय. त्याची उघडलेली बाटली वर्षानुवर्षं टिकते आणि एका रोलला सहा-बारा मिलि पुरतं. एचपी५ प्लसला १+२५ला सहा मिनिटं, १+५०ला अकरा. ४००च्या फिल्मला दाणा मोठा येतो, हे पटत असेल तरच.

आता तापमान. वेळांचे सगळे तक्ते २० अंशांचे आहेत आणि आपल्या नळाला वर्षातले बहुतेक महिने २६ ते ३२ अंशांचं पाणी येतं. साडेसात मिनिटांची वेळ ३० अंशांना तीन-साडेतीन मिनिटांवर येते. पाच मिनिटांखाली डेव्हलपिंग सारखं होत नाही, आकाशात पट्टे दिसतात. यावर सोपा उपाय म्हणजे १+१. खोलीतल्या ३० अंशांच्या १५० मिलि मूळ द्रावणात फ्रिजमधलं १० अंशांचं १५० मिलि पाणी घातलं की २० अंश आयतेच मिळतात. टँक आणि रीळ गरम असतात, म्हणून पाणी एखादा अंश जास्त थंड घ्यायचं. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकायचा नाही. बर्फ टाकायचा तो टँक ठेवायच्या बादलीत, तोही अधूनमधून एखाद-दोन खडे. उन्हाळ्यात २० अंश धरून ठेवण्याचा हट्टही नको. २४ अंश ठरवा आणि वेळ कमी करा: एचपी५ प्लस, डी-७६ १+१, २० अंशांना ११ मिनिटं, २४ला साधारण पावणेआठ. आकडा कुठलाही धरा, पण प्रत्येक रोलला तोच धरा. डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथ, उरलेले चांदीचे क्षार काढणारा फिक्सर आणि धुण्याचं पाणी याच तापमानाच्या दोन-तीन अंशांत हवं. १८वरून एकदम ३२वर गेलेल्या फिल्मचा दाणा फुगतो.

धुताना

डेव्हलपर झटकन ओता आणि ओतायला सुरुवात करतानाच घड्याळ सुरू करा. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा पालथा-सुलटा, मग टँकचा तळ ओट्यावर दोनदा टणकन आपटायचा म्हणजे बुडबुडे सुटतात. त्यानंतर प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा. इतकंच. सारखं हलवत राहिलं की छिद्रांमधून जाणारा डेव्हलपर चित्रावर रेघा ओढतो. वेळ संपायच्या दहा सेकंद आधी ओतायला घ्यायचा. १+१चा डेव्हलपर एकदाच वापरायचा.

स्टॉप बाथला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर चालतं. ४ टक्क्यांचं असेल तर तितकंच पाणी घाला, अर्धा मिनिट पुरे. मग फिक्सर. अमोनियम थायोसल्फेटचा रॅपिड फिक्सर १+४, पाच मिनिटं. तो नाही मिळाला तर जुना हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आहेच. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ साली पाहिलं, आणि आजही काम तेच आहे. एक लिटरला हायपोचे खडे २५० ग्रॅम, वर सोडियम मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम, वेळ दहा मिनिटं. खडे विरघळताना पाणी एकदम गार पडतं, बाटलीला बाहेरून घाम सुटतो, म्हणून सुरुवात कोमट पाण्याने करा. मेटाबायसल्फाइट मात्र पाणी निवल्यावरच.

फिक्सर जिवंत आहे का, हे प्रत्येक वेळी तपासायचं. डबी उघडताना कापलेली फिल्मची जीभ असतेच हाताशी. तिच्या मधोमध फिक्सरचा एक थेंब ठेवा, अर्धा मिनिट थांबा आणि मग अख्खी जीभ वाटीतल्या फिक्सरमध्ये बुडवा. आधी थेंबाचा गोल दुधी दिसतो, मग काचेसारखा होतो, आणि भोवतीचा भाग त्याच्या मागोमाग निवळत येतो. गोल आणि भोवताल यांतला फरक दिसेनासा झाला की थांबा. बुडवल्यापासून तिथपर्यंत जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ फिल्म फिक्स करायची, टी-मॅक्स आणि डेल्टा या फिल्मना तिप्पट. ताज्या फिक्सरला लागलेला वेळ बाटलीवर लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की बाटली बाद. टी-मॅक्स धुऊन झाल्यावर जांभळट दिसली तर बहुतेक वेळा फिक्सिंग कमी पडलेलं असतं. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घातली की ती सुधारते.

पाण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा पालथा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. ही इलफर्डची पद्धत आहे, रोलमागे लिटरभर पाणी लागतं, आणि आपल्याकडे टँकरच्या दिवसांत हीच बरी. शेवटी एक मिनिट डिस्टिल्ड पाण्यात फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून), लिटरला ५ मिलि. बोअरचं पाणी इथे मुळीच नको. त्यातले क्षार फिल्मवर पांढरे डाग ठेवून वाळतात आणि ते खरवडून निघत नाहीत.

वाळवायला बाथरूम उत्तम. आधी गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून वाफ करायची म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग फिल्म टांगायची, खाली क्लिप, पंखा बंद, दार बंद. उन्हाळ्यात दोन तास, जुलैत सात-आठ. बोटांनी निरपू नका. ओलं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, सायीसारखं मऊ असतं, एक कण अडकला तर छत्तीस फ्रेमवर एकच रेघ.

रंगीत घरी करायचंच असेल तर

आपल्या हवेत एक गंमत आहे: २० अंश टिकवण्यापेक्षा ३८ अंश टिकवणं सोपं. ऊब देता येते, गारवा राखावा लागतो. तापमान धरून ठेवणारी सू-वीड काठी बादलीत सोडली की काम झालं. थर्मामीटर खरा बोलतो का, ते घरातल्या तापाच्या डिजिटल थर्मामीटरशी ३८च्या आसपास जुळवून बघा. त्या टप्प्यात त्याच्यासारखा भरवशाचा दुसरा नाही.

एक लिटरच्या किटमध्ये डेव्हलपर, ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र) आणि शेवटचं स्टॅबिलायझर असतं. बाटल्या ३९ अंशांच्या बादलीत अर्धा तास. टँकमध्ये ३९ अंशांचं पाणी एक मिनिट, म्हणजे टँक डेव्हलपरची ऊब खात नाही. डेव्हलपर ३ मिनिटं १५ सेकंद, आणि दर अर्ध्या मिनिटाला चार वेळा पालथा. मग ब्लिक्स आठ मिनिटं. यात गॅस होतो, झाकण उडू शकतं, म्हणून पहिल्या काही हेलकाव्यांनंतर झाकण जरा उचलून दाब सोडायचा. तीन मिनिटं धुणं, एक मिनिट स्टॅबिलायझर, त्यानंतर पाणी लावायचं नाही. किटच्या कागदावर वेळ वेगळी असेल तर ती पाळा. ब्लिक्सचे चार थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले तर अख्खी बाटली गेली, म्हणून फनेल आणि झाकणं वेगवेगळ्या रंगांची ठेवा. डेव्हलपरमधली चूक कायमची. ब्लिक्स कमी पडलं तर पुन्हा करता येतं. तापमान घसरलं तर सावल्या एका रंगाकडे जातात आणि उजळ भाग दुसऱ्या, आणि कंप्युटरवर एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

किटमधून साधारण आठ ते सोळा रोल निघतात आणि कालवल्यावर ते दीड-दोन महिन्यांत संपवावं लागतं. म्हणून रोल साठवा आणि एका रविवारी सगळे धुवा.

सिनेमाची फिल्म सुट्या डब्यांत भरून विकली जाते, तिचं प्रकरण वेगळं. जिच्या पाठीला रेमजेट नावाचा काजळीसारखा काळा थर असतो, ती न सांगता लॅबला देऊ नका. यंत्रात तो थर सुटला तर मागच्या सगळ्यांचे रोल खराब होतात. घरी ती आधी कोमट पाण्यात लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा घालून जोरात हलवायची, काळं पाणी निवळेपर्यंत बदलायचं, आणि सगळी प्रक्रिया झाल्यावर शेवटी पाठ ओल्या स्पंजने पुसायची. स्लाइडची ई-६ प्रक्रिया मी घरी सुचवत नाही. पहिल्या डेव्हलपरमधली चूक थेट स्लाइडवर दिसते आणि सुधारायला जागा नसते.

आजोबांच्या ट्रंकेत जुना रोल सापडला असेल तर तो लॅबच्या नेहमीच्या गठ्ठ्यात टाकू नका. कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म असेल तर तिचे रंग आता निघत नाहीत. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्सच्या शेवटच्या लॅबने असे रोल घेणं डिसेंबर २०१०च्या अखेरीस थांबवलं. कृष्णधवल निगेटिव्ह म्हणून काही मिळालं तर मिळालं. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कृष्णधवल असेल तर घरीच, एचसी-११०मध्ये, कारण त्यात जुन्या फिल्मचा धूसरपणा कमी चढतो. आधी दहा सेंटिमीटर तुकडा कापून धुऊन बघायचा आणि मगच उरलेला.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही, विहिरीजवळ किंवा शोषखड्ड्यात तर नाहीच. त्यात चांदी असते आणि पाण्यातल्या जिवांना ती विषारी. डब्यात साठवा आणि एक्स-रे किंवा फोटो लॅबकडून चांदी काढायला फिक्सर नेणाऱ्यांना द्या. तसं कुणी नसेल तर त्यात लोखंडी स्टील वूल दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, चांदी काळा गाळ होऊन खाली बसते. स्टेनलेसची घासणी इथे उपयोगाची नाही.

बिघडलं कुठे, हे कसं ओळखायचं

चित्राआधी फिल्मचा काठ बघा. काठावरचं कंपनीचं नाव आणि फ्रेमचे अंक कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे ते किती गडद आले हा फक्त धुण्याचा पुरावा. अंक ठळक आणि चित्र मुळीच नाही, तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नव्हता. अंकही नाहीत आणि फिल्म काचेसारखी स्वच्छ, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा आधी फिक्सर ओतला गेला. अंक ठळक, चित्र फिकं आणि सावल्या रिकाम्या, तर उजेड कमी पडला, लॅबशी भांडू नका. अंक आणि चित्र दोन्ही फिके, तर धुणं कमी पडलं, मग ते लॅबचं असो की तुमचं. काठापासून काठापर्यंत काळं म्हणजे उजेड शिरला. दुधट डाग म्हणजे फिक्सर अपुरा, तो आजही पुन्हा करता येतो. निगेटिव्हवर लहान स्वच्छ गोल ठिपके म्हणजे टँक आपटायचा राहिला. एकाच लांब काठाला फिकी पट्टी म्हणजे रसायन कमी मापलं.

सगळ्या फ्रेममधून एकसारखी सरळ रेघ गेली असेल तर वाद हमखास होतो, कारण ती कॅमेऱ्यातही पडते आणि लॅबच्या रोलरवरही. एक वाया गेलेला रोल कॅमेऱ्यात घाला, शेवटपर्यंत फिरवा, रिवाइंड करा आणि न धुता उजेडात बाहेर ओढून तिरप्या प्रकाशात बघा. रेघ तिथेही असेल तर कॅमेऱ्याची प्रेशर प्लेट (फिल्म मागून दाबून धरणारी पट्टी) मऊ कपड्याने पुसा. नसेल तर ती पट्टी आणि खराब झालेली निगेटिव्ह दोन्ही घेऊन लॅबच्या काउंटरवर जा.